सुक्या बोंबलांचा डबा

पाम गावाच्या पुढे रस्त्याला लागून माझ्या ओळखीच्या एका कारागिरांची खोली आहे. सोन्याच्या पत्र्यावर नक्षी उठवायचे पोलादी डाय, म्हणजे ठसे, ते हाताने कोरतात. नखाएवढ्या जागेत वेल, पाकळी, मोर. डोळ्याला भिंग, हातात छिन्नी आणि फोन सुक्या बोंबलांच्या डब्यात.

"डब्यात कशाला?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

छिन्नी खाली ठेवून ते म्हणाले, "हात घातला का वास लागतो. मग उठा, साबण लावा. एवढ्या कटकटीत फोन बघायचं मनच नाय होत." मग पुन्हा छिन्नी उचलली. बोलणं आणि कोरणं ते एका वेळी करत नाहीत.

बोईसरहून घरी जाताना मी त्यांच्याकडे टेकतो. परवा माझा फोन खिशात सारखा थरथरत होता. मी काढायचो, बघायचो, ठेवायचो. ते कोरत राहिले. तासाभराने त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मोराचं एकेक पीस केसाहून बारीक, सगळी एका वळणाची. फक्त एक रेघ जराशी सरकलेली होती.

"ती तुमच्या फोनची हाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"असू दे की. कोणाला दिसणार आहे?"

"मला दिसली ना."

चार दिवसांचा मोर त्यांनी घासून सपाट केला. मग डब्याचं झाकण काढून माझ्यापुढे धरलं, आणि माझा फोन आत जाईपर्यंत छिन्नीला हात लावला नाही.