मावशीकडचं बंद झालं

बेटावर त्याला सगळे पाणबुड्या म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त बोटीच्या परवान्यावर उरलं होतं. रोज सकाळी आठ-दहा पाहुण्यांना घेऊन तो समुद्रात उतरायचा, खडकांच्या कपारीतली कासवं दाखवायचा आणि दुपारी सगळ्यांना मोजून वर आणायचा. बोट परत धक्क्याकडे वळली की टॉवेलात गुरफटून बसलेली ती माणसं एकच प्रश्न विचारायची, "संध्याकाळी जेवायला कुठं जायचं?" पाण्याखालून आलेल्या माणसाची भूक काही विचारू नका, दगड वाढला तरी पचवेल.

बेटावर खायच्या जागा तशा पाच-सहा होत्या. धक्क्यावर भाजलेल्या माशांची गाडी, दीपगृहाखाली एका नवरा-बायकोचं सूपचं दुकान, टेकडीवर नवीन झालेलं गच्चीचं हॉटेल. पण नऊ वर्षं पाणबुड्याचं उत्तर ठरलेलं होतं, "माझ्या मावशीकडे."

बोटी दुरुस्त करायच्या शेडमागं मावशीचं घर. परसात चार टेबलं, मेनूकार्ड नाही. त्या दिवशी जो मासा मिळेल तो तळायचा, भात, गरम रस्सा, बस्स. आई गेल्यावर पाणबुड्याला तिनंच वाढवलं होतं. तिच्या हाताला चव होती, आणि जिभेला हाड नव्हतं. वाढता वाढता पाहुण्यांना सांगायची, "हा तुमचा पाणबुड्या! सात वर्षांचा होईपर्यंत पाणी बघितलं की बोंब ठोकायचा. डोक्यावर तांब्या ओतायचा तर मला दोन शेजारणी लागायच्या. एक हात धरायला, एक पाय."

पाहुणे हसून लोळायचे. इतकी वर्षं तोही हसायचा. पण एकदा महागडे कॅमेरे घेऊन पाच जण आले. पाण्यात ते त्याच्या प्रत्येक खुणेकडे गुरूकडे बघावं तसं बघत होते. त्यांनी रात्री ती गोष्ट ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर त्यातला एक जण म्हणाला, "गुरुजी, आज तांब्या आणलाय ना?" सगळी बोट हसली. पाणबुड्याचे कान तापले.

त्या संध्याकाळी तो त्यांना गच्चीच्या हॉटेलात घेऊन गेला. मालकानं त्याला मधली खुर्ची दिली आणि म्हणाला, "हा आमच्या बेटावरचा सगळ्यात धाडसी माणूस." पाणबुड्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग पुढचा गट तिकडे, त्याच्या पुढचाही तिकडेच.

एक दिवस कुणीतरी मुद्दाम विचारलं, "ते मावशीचं जेवणघर कुठं आहे? आमचे मित्र म्हणाले, जेवायचं तर तिथंच."

"ते बंद झालं," पाणबुड्या म्हणाला. तोंडातून निघून गेलं. दुसऱ्यांदा म्हणताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

दोन-तीन दिवसांआड तो स्वतः मात्र मावशीकडे जेवायचा. ती दाराकडे बघत विचारायची, "यंदा माणसं कमी आलीत का रे?"

"कमीच आहेत," तो ताटात बघून म्हणायचा. बोट तर खच्चून भरलेली असायची. उद्यापासून पाठवू, असं तो रोज ठरवायचा. मावशीनं एक टेबल ताडपत्रीखाली झाकलं, मग दुसरं.

हंगामाच्या मध्यावर एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको असे दोघं आले. वर्षाआड येणारी, मावशीच्या परसात हक्कानं दुसऱ्यांदा भात मागणारी ही जोडी. धक्क्यावर उतरताच बाईंनी पाणबुड्याचे दोन्ही हात धरले. डोळे भरलेले.

"वाटेत एकानं सांगितलं, मावशीकडचं बंद झालं म्हणून. शेवटी फार त्रास तर नाही ना झाला त्यांना?"

त्याला आधी कळेचना. मग मास्तरांनी पिशवीतून चौकट काढली. मागच्या खेपेला काढलेला फोटो होता, हातात पळी धरून मावशी खळखळून हसतेय. "यंदा त्यांनाच द्यायला आणला होता," मास्तर म्हणाले. "आता तुझ्या घरी लाव."

मावशी गावाला गेलीय, असं आणखी एक खोटं ओठावर तयार होतं. पण हातात तो फोटो होता.

"ती जिवंत आहे," तो म्हणाला. "चला माझ्याबरोबर."

मावशी ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. बाईंनी धावत जाऊन तिला मिठी मारली आणि हुंदके द्यायला लागल्या.

"अगंबाई, झालं काय?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही गेलात!"

"कुठं?" मावशी म्हणाली.

पाणबुड्यानं मान खाली घातली. "मावशी, तुझं बंद झालं असं मीच लोकांना सांगत होतो."

मावशी आधी हसलीच. "म्हणजे मी मेले, आणि मलाच पत्ता नाही!" मग तिनं त्याचं तोंड बघितलं. "का रे?"

"ती तांब्याची गोष्ट. लोक हसायचे. मला लाज वाटायची."

"मग गप्प बस म्हणायचं होतंस. बसले असते गप्प." तिचा हात सुपातच थांबला. "मला वाटलं, माझ्या हाताची चव गेली. मागच्या महिन्यात बोटीनं पलीकडे जाऊन डॉक्टरला जीभ दाखवून आले. तो म्हणाला, जीभ ठणठणीत आहे. तरी मी सगळ्यातलं मीठ निम्मं केलं."

तिनं दोन मुस्काटात दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती मास्तरांकडे वळली, "बसा, अर्ध्या तासात वाढते," आणि सूप घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी बोटीवर त्यानं सगळ्यांना सांगितलं, "मावशीकडचं चालू आहे. बंद झालं हे मी खोटं सांगत होतो." गच्चीच्या हॉटेलवाल्यालाही सांगितलं, मुक्कामाच्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. माणसं परत यायला लागली. हंगाम संपेपर्यंत तीन टेबलं भरू लागली. तांब्याची गोष्ट मात्र मावशीनं पुन्हा काढली नाही, आणि "सांग ना" म्हणायचा त्यालाही धीर झाला नाही.

आता तो रोज संध्याकाळी तिच्याकडे भांडी घासायला थांबतो. पाहुणे यायच्या आधी मावशी पळीभर रस्सा त्याच्या तळहातावर घालते. जिनं उभ्या जन्मात कुणाला चव विचारली नाही, ती विचारते, "बघ रे, मीठ बरोबर झालंय का?"

"बरोबर झालंय, मावशी."

"नीट बघून सांग," ती म्हणते, आणि पळी पुन्हा पातेल्यात बुडवते.