बुजरे बैल

ती घटना आजही आठवते, अशी सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांना खोडच असते. माझ्या बाबतीत आधी आवाज आठवतो आणि घटना त्याच्या मागून येते. अजूनही एखादे पोर नळी कापलेली मोटारसायकल फडफडवत घरासमोरून गेले, की माझा चहाचा कप हातातच राहतो. घरचे म्हणतात, नानांचे वय झाले, आवाज सहन होत नाही. वयाचा काही संबंध नाही.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षे झाली होती. पारोळा-धुळे रस्त्याच्या आसपासच्या एका गावी मी फौजदार होतो. गावाचे आणि माणसांचे नाव घेत नाही, कारण त्यांची मुले-नातवंडे तिथे नांदत आहेत. गाव कापसाच्या बाजाराचे. दिवाळी झाली की खेड्यापाड्यांतून कापसाच्या गाड्या यायला लागत आणि सगळ्या एकाच अरुंद पुलावरून जिनकडे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याकडे, जात. त्या पुलाला कठडा नव्हता.

गावात फटफटी एकच होती. जिनवाल्या शेठच्या धाकट्या मुलाने ती मिलिटरीच्या लिलावातून आणली होती. सगळे त्याला धाकटे शेठ म्हणत. वय पंचविशीचे, अंगात रेशमी सदरा, बोलणे गोड. फटफटीचा सायलेन्सर काढला की आवाज दोन कोसांवर जातो, याचा त्याला मोठा अभिमान होता. कायद्याने सायलेन्सर लावणे बंधनकारक होते आणि तो नियम मला पाठ होता. नियम पाठ असणे आणि तो शेठच्या बंगल्यापर्यंत पोचवणे यांत मात्र बरेच अंतर असते.

एके सकाळी साठीच्या घरातला एक शेतकरी ठाण्यात आला. सगळे त्याला आबा म्हणत. हवालदाराने त्याला बाकावर बसवले आणि मी पुढचा अर्धा तास वर पाहिले नाही. ही तेव्हाची माझी रीत. अर्ध्या तासात बहुतेक तक्रारी आपोआप उठून जातात, असा माझा अनुभव होता. आबा गेला नाही.

"साहेब, जिनवाला शेठना पोऱ्या फटफटी फिरावस. तिनी नळी काढी टाकेल शे. ती ऊनी का मन्हा बैल बिचकतस. पुलवर एक दिन गाडी खाले जाई. माले केस करनी नही. ती फटफटी तेवढी उगी करा."

"बैल नवे आहेत का?"

"चार वरीसना शेतस. बाहेर लिंबले बांधेल शेतस, दखी ल्या."

लिंबाचे झाड माझ्या टेबलापासून तीस पावलांवर होते. खिडकीतून त्याची सावलीही दिसत होती. मी उठलो नाही. हवालदाराला अर्ज लिहून घ्यायला सांगितले आणि दुसऱ्या कामाला लागलो.

आता आमच्या ठाण्याची एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळे तिथेच अडले. गरीब माणूस हवा असला तर शिपाई त्याला दंडाला धरून आणायचा. बड्या घरच्या माणसाला मात्र आदल्या दिवशी चिठ्ठी जायची: 'उद्या दहा वाजता वाहन घेऊन सवडीने यावे.' ही पद्धत मी पाडली नव्हती, माझ्या आधीपासून चालत आली होती. पण मी ती मोडलीही नाही. शेठच्या घरी सणाला बोलावणे असायचे आणि ताटाभोवती रांगोळी असायची. माणूस अशाने किती मऊ होतो हे त्याला स्वतःला कळत नाही.

धाकटे शेठ दुसऱ्या दिवशी दहाला हजर झाले. फटफटी मांजरासारखी गुरगुरत आली. सायलेन्सर जागेवर, नट घट्ट. मी आबालाही बोलावून घेतले होते. त्याच्यासमोर गाडी चालू करून दाखवली. धाकटे शेठ हसून म्हणाले, "साहेब, खेड्यातले बैल, त्यांना सायकलचीसुद्धा भीती वाटते." हवालदार हसला. मीही हसलो.

"आबा, फटफटी नीट आहे. तुमचे बैलच कच्चे. त्यांना सवय करा."

 आबा म्हणाला, "साहेब, ती ठाण्यामा उगी शे. एक दिन पुलवर या, मन्हासंगे उभा रहा."

"पुलावर उभे राहायला मला दुसरी कामे नाहीत का?" मी म्हणालो.

तो गेल्यावर मी अर्जावर शेरा मारला: 'वाहनास सायलेन्सर व्यवस्थित आढळला. अर्जदाराचे बैल पाहिले असता बुजरे दिसतात. तक्रारीत तथ्य नाही. निकाली.' खाली सही. 'पाहिले असता' हे शब्द आमच्या लेखणीतून आपोआप उतरतात. न पाहिलेल्या शंभर गोष्टी आम्ही रोज 'पाहिले असता' लिहायचो.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, बाजाराच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास तो आवाज मी ठाण्यात बसून ऐकला. आधी फडफड, मग आरडाओरड, मग पुन्हा फडफड, दूर जाणारी. मी टोपी घेतली आणि धावलो. पूल अर्ध्या मैलावर होता.

आबाची गाडी खाली नाल्याच्या दगडांवर उलटी पडली होती. सगळीकडे कापूस उडत होता. एक बैल मरून पडला होता, दुसरा मोडक्या पायावर उठायचा प्रयत्न करत होता. आबाला गाडीखालून काढले तेव्हा जीव गेलेला होता. त्याची बायको, अक्का, मागून पायी येत होती, म्हणून वाचली. ती रडत नव्हती. आबाच्या मुंडाशावरचा कापूस एकेक करून वेचत होती.

पुलावर वीस-पंचवीस गाडीवान होते. मी प्रत्येकाला विचारले, फटफटीवर कोण होते? उत्तर एकच: "आवाज आयका साहेब, मानूस नही दखा." त्या सगळ्यांचा कापूस त्याच जिनमध्ये जाणार होता. मला त्यांचा राग आला. आज वाटते, तो राग करण्याचा अधिकार मला नव्हता.

चिठ्ठी न पाठवता मी बंगल्यावर गेलो. नोकरीत असे पहिल्यांदाच केले. फटफटी अंगणात उभी होती, सायलेन्सर लावलेला. धाकटे शेठ दात घासत बाहेर आले.

"आज गाडी बाहेरच काढली नाही, साहेब. आणि नळी तर तुम्ही स्वतः तपासलेली आहे."

मी इंजिनाला हात लावला. ते चांगलेच गरम होते. सायलेन्सरला हात लावला, तो थंडगार. मग मी खाली बसलो आणि सायलेन्सरच्या तोंडात पाहिले. आत कोळ्याचे जाळे होते, चांगले ताणलेले आणि धड. त्या नळीतून धुराची एक फुंकर जरी गेली असती, तरी ते जाळे राहिले नसते. गाडी आताच पळून आली होती आणि ती या सायलेन्सरमधून पळाली नव्हती. शेजारचे दोन पंच बोलावून त्यांना जाळे दाखवले आणि पंचनामा केला. धाकट्या शेठच्या तोंडाभोवती दंतमंजन तसेच राहिले होते.

सायलेन्सर कोणी चढवला हे उघड होते. गावात मिस्त्री एकच, पन्नाशीचा, मिलिटरीच्या वर्कशॉपात काम शिकलेला. त्याला ठाण्यात आणले. दोन तास तो एकच सांगत होता, मला काही ठाऊक नाही. मारहाणीने कारागीर बोलत नाही. त्याच्या कामाला नावे ठेवली तर बोलतो. मी सायलेन्सर टेबलावर ठेवला आणि हवालदाराला म्हणालो, "जाऊ द्या. हे चढवायला अर्धा दिवस लागतो. एवढ्या वेळात ह्याच्याच्याने झाले नसते."

"अर्धा दिवस?" मिस्त्री फटकन म्हणाला. "दोन नट आहेत, साहेब. माझा हात बसलाय. दहा मिनिटं."

मग त्याची नजर टेबलावरच्या सायलेन्सरवर गेली. बाहेर शिपायाने पाण्याची बादली भरली, तिचा आवाज येत होता.

"किती वेळा चढवलास?" मी हळूच विचारले.

"दोनदा. एकदा आज, आणि एकदा त्या दिवशी, तुमची चिठ्ठी आली तेव्हा." त्याने मान वर केली. "साहेब, रागावू नका. तुमचा शिपाई बंगल्यावर चिठ्ठी देऊन परतला, तोच परतताना मला निरोप सांगून गेला, की शेठनी पाना घेऊन बोलावलंय. मला वाटलं, तुम्हालाही हे ठाऊक असेल. सगळ्या गावाला तसंच वाटलं."

आयुष्यात मी पुष्कळ कबुल्या घेतल्या. एवढी झोंबणारी दुसरी नाही. मी ज्याला तपासणी समजत होतो तिची वर्दी माझ्याच शिपायाने माझ्याच चिठ्ठीने दिली होती, आणि गाव मला त्या नाटकातला भागीदार समजत होते.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा खटला उभा राहिला. मिस्त्री कोर्टात डगमगला नाही; त्या सकाळी धाकटे शेठच फटफटीवरून बंगल्यावर आले होते, हेही त्याने सांगितले. बंगल्याचे काम सुटले, पुढे गावही सुटले, पण तो बोलला ते बोलला. पंचांनी जाळ्याची हकिगत सांगितली. सायलेन्सर नव्हता हे सिद्ध झाले. मला वाटले, जमले.

मग आरोपीच्या वकिलाने आबाचा अर्ज पुढे केला. माझा शेरा त्याने दोनदा वाचला, दुसऱ्यांदा सावकाश. "बैल बुजरे होते, असे जबाबदार अधिकारी लिहितात. असे बैल कशानेही उधळले असते. हे अक्षर आपलेच ना?"

"होय."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि मला विचारले, "बैल आपण स्वतः पाहिले होते?"

एवढाच प्रश्न होता. नाही म्हटले असते, तर तो शेरा खोटा ठरून गळून पडला असता. मग खात्याची चौकशी, निलंबन, कदाचित नोकरी. पदरात तीन मुले होती, असे मी नंतर स्वतःला बरेचदा सांगितले. त्या क्षणी मुले वगैरे काही आठवले नाही. फक्त अंगावरचा गणवेश आठवला.

"पाहिले होते," मी म्हणालो.

बैलांबद्दलच्या संशयाचा फायदा आरोपीला मिळाला. मृत्यूच्या आरोपातून तो सुटला. सायलेन्सर नव्हता म्हणून दंड झाला, तो त्याने खिशातून काढून तिथेच भरला. बाहेर येऊन मला नमस्कारही केला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर अक्का बसली होती. मला पाहून उभी राहिली.

"साहेब, तुम्ही बहू कष्ट करात. मन्हा मालक घर ईसन सांगेत, साहेबनी मन्ही गोट आयकी, फटफटी बलाई. यानं त्यास्ले समाधान व्हतं." मग तिने विचारले, "तो वकील जो कागद वाचे, तो कोना व्हता?"

"ठाण्याचा," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि नवऱ्याची काठी टेकत गेली.

त्यानंतरच्या नोकरीत मी कुणालाही चिठ्ठी पाठवली नाही. आवाजाची तक्रार आली, की तक्रारदार उभा असेल तिथे जाऊन उभा राहायचो. पुष्कळ गाड्या पकडल्या, बढतीही मिळाली. धुळ्याला निरोप समारंभात कुणीतरी माझ्या कोळ्याच्या जाळ्याची गोष्ट कौतुकाने सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बोलायला हवे होते. हार घालून घेतला.

अक्का आता हयात नसणार. तिने विचारले होते त्याचे उत्तर फार उशिरा देतो आहे. तो कागद माझा होता, आणि लिंबाखालचे ते बैल मी पाहिले नव्हते.