सायमनची झावळी

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून घरी नेलेली झावळी आम्ही वसईचे ख्रिस्ती वर्षभर क्रूसामागे खोचून ठेवतो. पुढच्या उपवासकाळाआधी चर्चच्या दारात टोपली ठेवतात, तिच्यात ती परत द्यायची. त्या झावळ्या जाळून केलेली राख उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, बुधवारी, फादर आमच्या कपाळाला लावतात.

यंदा त्या टोपलीपाशी आमच्या गल्लीतला सायमन घुटमळत होता. हा फक्त नाताळला येणार, तोही बाहेर स्कूटरवर बसून मिस्साची प्रार्थना ऐकणार. "आज इकडे कुठं वाट चुकलास?" हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं.

त्याच्या हातातल्या झावळीला कोळिष्टकं लागली होती.

"मावशी, ही गेल्या वर्षीची नाही. आई होती तेव्हाची आहे. चालेल?"

टोपली सांभाळत बसलेल्या जेनीमावशीनं ती त्याच्याकडे सरकवली. "टाक रे बाबा. जुनी झावळी छान जळते."



बुधवारी सायमन मागे, दाराला टेकून उभा होता. फादरांचा अंगठा माझ्या कपाळावर फिरला. राखेत कुणाची झावळी कुठली, हे थोडंच कळतं? दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारी मी, त्या दिवशी कदाचित त्याच्याच घरची राख लावून घरी आले.