उभ्या माणसाचा आकडा

माझ्या नव्या कयाक होडीसाठी, मासा टोचून वर ओढायचा आकडा घ्यायला मी महाल भागातल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो होतो. चांगला लांब दांड्याचा, सुईसारख्या टोकाचा निवडला. दुकानदार कान खाजवत माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उभ्यानं ओढता का बसून?"

"बसून. कयाकमध्ये पाय पसरून बसावं लागतं."

"मंग बसा ना भाऊ खाली."

बसलो, फरशीवर पाय पसरून. त्यानं खिळ्यांची कापडी थैली माझ्यासमोर धरली. "हा मासा. ओढा."

आकडा रुतवून मी जोर लावला. थैली टर्रकन फाटली आणि टोक सरळ माझ्या मांडीवर आलं. त्यानं दांडा मधेच धरला नसता तर! तो मात्र शांतपणे खिळे गोळा करत होता.

"हा उभ्या माणसाचा आकडा आहे भाऊ. बसलेल्याच्या हातात मासा सोडते अन् मांडी पकडते."

मी मुकाट्यानं हातभर दांड्याचा घेतला, टोकाला बूच लावलेला.

घरी आल्यावर पॅंटला मांडीवर एक बारीक भोक दिसलं. आणि मी तर अजून पाण्याजवळही गेलो नव्हतो.