शेवटचं शेपूट पार होईपर्यंत

तबेल्यामागे लीद साचते तसे आमच्या घोडेस्वार मंडळाचे किस्से साचले आहेत. सकाळी पाटीभर उचलून बाहेर टाकावेत, तर संध्याकाळी पुन्हा तेवढेच. आता मंडळातले आम्ही दोघेतिघे कुठे भेटलो की घरची मंडळी चहा ठेवतात आणि हळूच आतल्या खोलीत निघून जातात. त्यांचे सगळे ऐकून झालेत. तुमचे व्हायचेत, म्हणून सांगतो. कुठे खोटं वाटलं तर मेजरांना विचारा. तेही माझ्याइतकंच खरं बोलतात.

गोष्ट सत्तरीच्या दशकातली. नागपूरच्या काटोल रोडवर, गाव संपतं तिथे आमचा तबेला होता. पाच घोडे, सात सभासद. रस्त्याच्या या बाजूला तबेला, आणि टेकडी, तळं, गवत सगळं त्या बाजूला. टेकडीला वळसा घालून जाणारी तीन मैलांची वाट आम्ही स्वतः काढली होती. दर रविवारी कोयते घेऊन झुडपं तोडायची, बाभळीचे काटे वेचायचे, फुटक्या बाटल्या उचलायच्या. त्या वाटेला आम्ही घोडवाट म्हणायचो. तिच्यात खोट एकच. तिथे पोचायला काटोल रोड ओलांडावा लागायचा, आणि काटोल रोडवर ट्रक असे यायचे की जणू मागे कोणी लागलंय.

मी एका सरकारी कचेरीत कारकून. घोड्याचा आणि माझा संबंध टांग्यापुरता. पण मंडळाला अर्ज लिहिणारा माणूस हवा होता, म्हणून मला सेक्रेटरी केलं. पहिल्याच दिवशी मी घोड्यावर बसलो आणि त्याच दिवशी उतरलो. दोन्ही कामं घोड्यानेच केली.

*

मेजर म्हणजे आमचे अध्यक्ष. ते काही खरेखुरे मेजर नव्हते. सैन्यात खेचरांच्या तुकडीत सुभेदार होते, पण निवृत्त होऊन नागपूरला येईपर्यंत रेल्वेच्या डब्यातच त्यांची बढती झाली. रस्ता ओलांडायचा कसा, यावर त्यांनी पहिला उपाय काढला तो लाल झेंड्याचा. रस्त्याच्या मधोमध ते स्वतः झेंडा घेऊन उभे राहिले. खाकी कपडे, पिळदार मिशा, हातात झेंडा.

पहिलाच ट्रक कचकन थांबला. सरदारजी खाली उतरला, हात जोडले आणि गाडीचे सगळे कागद मेजरांच्या हातात दिले.

मेजर गडबडले नाहीत. त्यांनी कागद उलटसुलट पाहिले, ट्रकभोवती एक फेरी मारली, टायरवर बुटाने ठोकलं आणि म्हणाले, "पिछला टायर घिस गया है. बदलो."

"जी साब," म्हणून सरदारजी गेला. घोडे तोवर पार झाले होते. पण तेव्हापासून काटोल रोडच्या ट्रकवाल्यांत बातमी पसरली की इथे नवा नाका झालाय. ते आमच्या अलीकडच्या वळणावरून आडवाटेने जाऊ लागले, आणि जे उरले ते आणखी जोरात सुटू लागले.

*

मग पाटी लावायचं ठरलं. इतवारीतले भांड्यांचे व्यापारी गुलाबशेठ आमचे सभासद. पाटी मी देतो म्हणाले. दिली. वर बारीक अक्षरांत 'पुढे घोडे ओलांडतात, गाडी हळू चालवा.' खाली हातभर अक्षरांत 'स्टीलची भांडी, होलसेल भावात, इतवारी.'

डॉक्टर पाठक म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "शेठ, यातलं घोड्याचं वाचायला गाडीतून उतरावं लागेल."

"उतरू द्या की," गुलाबशेठ म्हणाले. "थांबण्याशी मतलब."

आणि गाड्या खरंच थांबायला लागल्या. मी घोडा धरून उभा असलो की ट्रकमधून मुंडकं बाहेर यायचं. "भाऊ, टोपाचा काय भाव?"

*

तरी सगळ्यात भरवशाचा उपाय सापडला तो सदाशिव गवळ्याकडे. रोज सकाळी साडेसहाला त्याच्या चाळीस म्हशी तळ्यावर जायला तोच रस्ता ओलांडायच्या. माणसासाठी न थांबणारे ट्रक म्हशींसाठी मुकाट थांबायचे. डॉक्टर म्हणाले, आपण म्हशींच्या मधून जाऊ.

मेजर लाल झाले. "घोडदळ म्हशींच्या मागून जाणार?"

सदाशिव शांतपणे म्हणाला, "मांगून काहून साहेब? मंधात घ्या ना. मांगून आले तं तुमच्या बुटाईले शेण लागन."

आठ दिवस मेजर आले नाहीत. नवव्या दिवशी आले आणि म्हशींच्या मधोमध, मान ताठ ठेवून, सलामी घेत असल्यासारखे पार झाले. पुढे सदाशिवाने म्हशींची वेळ पाच केली, तेव्हा मंडळाची वेळही पाच झाली. मेजरांच्या डायरीत मात्र तसं नाही. त्यांनी लिहिलंय, 'सदर तारखेपासून म्हशींना आपल्या वेळेवर आणण्यात आले.'

*

आता नामदेव आणि बिजली.

नामदेव आमचा सईस, जवळच्या खापा गावचा. पाचही घोड्यांचा खरारा, दाणापाणी तोच बघायचा. त्या बदल्यात त्याची स्वतःची पांढरी घोडी आमच्या तबेल्यात राहायची. तिचं नाव बिजली. नाव ठेवताना कोणाचा तरी अंदाज चुकला असावा, कारण ती बैलगाडीच्या चालीने चालायची. पण अंगावर बॉम्ब फुटला तरी हलायची नाही, त्यामुळे लग्नाच्या वरातीला तिच्यासारखी घोडी नागपुरात नव्हती. खाप्याचं वऱ्हाड नागपुरात आलं की नवरदेव बिजलीवरच बसणार, हे ठरलेलं.

म्हशींच्या भरवशावर किती दिवस राहणार? मेजरांनी शिस्त बसवली. रस्त्याच्या दोन्ही कडांना चुन्याची जाड रेघ मारली. घोड्याने रेघेवर थांबायचं. नामदेवने रस्त्याच्या मधोमध जायचं, ट्रककडे तोंड करायचं, उजवा हात वर करायचा आणि मेजरांची पितळी शिट्टी वाजवायची. मगच घोडे निघायचे. आणि शेवटचं शेपूट पार होईपर्यंत हात खाली यायचा नाही.

शिट्टी सैन्यातली. तिचा आवाज जाडा, घोगरा. पोलिसाच्या शिट्टीशी गल्लत व्हायची नाही.

आमच्या घोड्यांना हे शिकायला दोन महिने लागले. बिजलीला कोणी शिकवलंच नव्हतं. ती नुसती बाजूला बांधलेली असायची आणि बघायची. चौथ्या दिवशी नामदेव तिला पाण्यावर न्यायला निघाला, तर ती रेघेवर उभी. ओढली, हलली नाही. नामदेव मधोमध गेला, हात वर केला, शिट्टी वाजवली, तेव्हा निघाली.

"मले वाटते," नामदेव म्हणाला, "हे तुमच्याहून हुशार हाय." तुमच्याहून म्हणजे घोड्यांहून की सभासदांहून, ते त्याने सांगितलं नाही.

तेव्हापासून चुन्याची रेघ दिसली की बिजली थांबायची, मग ती कुठेही असो. लग्नाच्या मांडवापुढेही. नामदेव खिशातली शिट्टी काढायचा, पुढे मधोमध जाऊन हात वर करून वाजवायचा, की घोडी पुढे. वऱ्हाडाला वाटायचं, बँडचाच माणूस आहे.

*

चुन्याने आम्हाला एकदा चांगलंच नडवलं. पावसाळ्यानंतर घोडवाटेवर उंदरांची बिळं पडायची. घोड्याचा पाय त्यात गेला तर मोडलाच समजा. एका रविवारी बिळं शोधायचं काम डॉक्टरांनी अंगावर घेतलं. त्यांचा धंदाच भोकं शोधण्याचा. तीन मैलांत त्यांनी छत्तीस बिळं शोधली आणि माती घालून बुजवेपर्यंत दिसावीत म्हणून प्रत्येकाभोवती चुन्याचं सुबक वर्तुळ काढलं.

सोमवारी आम्ही फिरायला निघालो. पहिल्या वर्तुळापाशी पाचही घोडे थांबले. नामदेव रस्त्यावरून धावत आला, शिट्टी वाजवली. निघाले. वीस पावलांवर दुसरं वर्तुळ.

छत्तीस वेळा. मी त्या दिवशी कचेरीत दुपारी पोचलो. साहेबांनी उशिराचं कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी माझी अर्धी रजा लावली आणि तब्येतीला जपा म्हणाले.

*

मग रस्ता रुंद व्हायचं निघालं. एक दिवस जीप आली आणि इंजिनिअर साहेब उतरले. नाव सांगत नाही, साहेबच म्हणतो. उंच, कोरडे, एका कानावर पेन्सिल. नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरून म्हणाले, "दोन्ही बाजूंना खोल चर जाणार. तुमची वाट बंद."

मी अर्ज पुढे केला. पंधरा फूट जागा सोडा, चरावर दोन फरश्या टाका, एवढंच मागणं होतं. त्यांनी तो न वाचताच नकाशाखाली सारला.

नेमका तेव्हाच नामदेव बिजलीला पाणी पाजून परत आणत होता. रेघेवर थांबला, मधोमध गेला, हात वर केला, शिट्टी वाजवली. दोन ट्रक आणि साहेबांच्या खात्याचा एक रोडरोलर थांबला.

साहेबांनी त्याला बोलावलं. "रस्ता कुणाचा?"

"सरकारचा, साहेब."

"मग सरकारी रस्त्यावर वाहतूक थांबवायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"अधिकार नाही जी. पण शिट्टीबिगर घोडी जात नाही."

"जनावराला काय कळतं शिट्टीतलं?" असं म्हणून साहेबांनी हात पुढे केला. नामदेवने शिट्टी दिली. साहेबांनी ती कोटाच्या खिशात टाकली आणि जीप गेली. चर खणायला पंधरा दिवसांनी माणसं येणार होती.

त्या दिवशी नामदेवने घोड्यांना खरारा केला तो नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग माझ्यापाशी येऊन बसला.

"वाट बंद झाली तं मंडळ बंद होईन ना?"

मंडळ बंद झालं की तबेला जाणार, आणि त्याला खाप्याला परत जावं लागणार, हे दोघांनाही दिसत होतं.

"खाप्यात माह्या भावाची एक खोली हाय," तो म्हणाला. "त्यात मी मावतो. बिजली नाही मावत. इकाच लागन." मग घोडीकडे बघत म्हणाला, "पण रेघेवर थांबनारी घोडी घेईन कोन गा?"

*

यानंतर नऊ-दहा दिवसांनी कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या पुतण्याचं लग्न होतं. वऱ्हाड खाप्याचं, म्हणजे घोडी बिजली हे आलंच. मीही वऱ्हाडात होतो. गोरज मुहूर्त. मुलीचे वडील कोण, हे मी पत्रिकेत वाचलं नव्हतं. वरात बंगल्याच्या वळणावर आली आणि फाटकात फेटा बांधून उभे असलेले साहेब दिसले, तेव्हा मला कळलं. नामदेवलाही तेव्हाच.

साहेबांच्या मुलीचं लग्न म्हणून त्यांच्या खात्यातल्या माणसांनी बंगल्यापुढचा रस्ता झाडून काढला होता. दोन्ही कडांना चुना. आणि फाटकापुढे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी धरून मारलेली जाड पांढरी रेघ. कामात खोट काढायला जागा नव्हती.

बिजली रेघेवर थांबली.

बँड वाजत राहिला. नवरदेवाने टाच मारली. मामाने लगाम ओढला. चौघांनी मागून लोटलं. बिजलीने कान हलवले, एवढंच. कोणीतरी गुळाचा खडा दाखवला, तिने तो खाल्ला आणि तिथेच उभी राहिली. नवरदेवाला उतरून पायी चल म्हणावं, तर वरपक्षाचे आजोबा म्हणाले, "आमच्यात पायी जात नाहीत." चौकातल्या पोलिसाला आणलं. त्याने त्याची शिट्टी वाजवली. बिजलीने त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

आतून भटजींचा निरोप आला, सात मिनिटं उरलीत.

साहेब पुढे आले. "काहून थांबली ही?" घाईत त्यांची भाषाही घरची झाली होती.

नामदेव हात जोडून उभा. "साहेब, रेघ हाय."

"मग?"

"शिट्टी पायजे."

"वाजव ना मग!"

नामदेव साहेबांकडे नुसता बघत राहिला. साहेबांच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उमटत गेलं. ते वळले आणि फेटा सांभाळत घरात गेले. बँड एव्हाना थांबला होता, त्यामुळे टेबलाचा खण ओढल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

शिट्टी घेऊन आले. फाटकात उभं राहूनच वाजवली. आवाज तोच, जाडा, घोगरा. बिजलीने कान टवकारले, पण पाऊल टाकलं नाही.

"अशी नाही जी," नामदेव अदबीने म्हणाला. "मंधात उभं राहा लागते. तिकडं तोंड करून. हात वर."

भर रस्त्यात, दोनशे माणसांसमोर, साहेब मधोमध जाऊन उभे राहिले. चौकाकडे तोंड केलं, उजवा हात वर केला, शिट्टी वाजवली. एक रिक्षा आणि दोन सायकली थांबल्या.

बिजली निघाली. नेहमीच्या चालीने, नवरदेवाला घेऊन, रेघ ओलांडून आत गेली. तिच्यामागे बँड, बँडमागे वऱ्हाड.

साहेब तसेच उभे. थोड्या वेळाने तोंड न वळवता त्यांनी विचारलं, "आता करू का खाली?"

नामदेवने मागे पाहिलं. "थांबा साहेब. आजोबा राहिले."

*

पंधराव्या दिवशी सकाळी काटोल रोडवर खात्याची गाडी आली. नामदेवने बिजलीला आत नेऊन बांधलं आणि दाराशी येऊन उभा राहिला. गाडीतून चार माणसं उतरली. मागून कुदळी निघाल्या नाहीत. दोन फरश्या निघाल्या आणि पांढऱ्या रंगाचा डबा.

सोबत शिपाई होता. त्याने नामदेवकडून रजिस्टरवर अंगठा घेतला आणि लाखेचा शिक्का मारलेलं पाकीट दिलं. आत शिट्टी होती. आणि माझ्या त्या अर्जाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने, साहेबांच्या अक्षरात एक ओळ:

'रेषेची रुंदी किती ठेवावी, हे घोडीस दाखवून कळवावे.'