दिव्याभोवतीचं कडं

टीव्हीमास्तर बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि दोन्ही डोळ्यांची पाच-सहा वेळा उघडझाप करायचे. माझ्यासमोर पहिल्यांदा असं केलं तेव्हा मी हातातला झाडू खाली ठेवला आणि विचारलं, "सर, हे काय करून राह्यले तुमी? मी विधवा बाई आहो."

ते हसले नाहीत. म्हणाले, "सोनाबाई, डोरा मारनारा एकच मिटते. मी दोन्ही मिटले. टीव्हीसमोर मानूस पापनी हालवाले विसरते. म्हनून सवय लावून राह्यलो."

चंद्रपूरजवळच्या मूल गावात, मुलींच्या हायस्कूलात मी शिपाई होते. नवरा तिथेच शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागेवर मला घेतलं. मी चौथी शिकलेली. मास्तर गणित शिकवायचे, टीव्हीमास्तर हे नाव पुढे पडलं. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा शाळेत कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर म्हणजे नुसतं बटणांचं खोकं, त्याला स्वतःचा पडदा नव्हता. एका राइस मिलवाल्यानं शाळेला काळापांढरा टीव्ही दिला होता, त्याला ते खोकं जोडायचं आणि अक्षरं टीव्हीवर बघायची. ती अक्षरं सारखी थरथरायची. आठ दिवसांत पोरींची डोकी दुखायला लागली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोघींच्या बापांनी येऊन हेडमास्तरांना सुनावलं. हेडमास्तर घाबरट माणूस. म्हणाले, "मशीन वापस करून टाकू." मास्तरांनी एक महिना मागून घेतला.

त्या महिन्यात त्यांनी मला भंडावून सोडलं. टीव्ही कपाटावर देवासारखा उंच ठेवला होता, तो खाली बाकावर आणायला लावला. म्हणाले, वर बघताना डोळे ताणून उघडे राहतात आणि कोरडे पडतात, नजर जराशी खाली पाहिजे. चंद्रपुरातून लांब वायर आणली, म्हणजे खोकं पोरींच्या मांडीजवळ आणि टीव्ही दूर. टीव्हीपासून सहा हातांवर जमिनीवर आडवी सुतळी ताणली. तिच्या पुढे कोणी सरकलं की ओरडायचे, "सुतळीच्या मांगं." दुरून अक्षरं दिसेनात, तर त्यांनी मशीनला सांगून अक्षरं मोठी केली. मग एका ओळीत जेमतेम वीस मावायची. मी म्हटलं, "एवढ्यात काय लिहिनार?" ते म्हणाले, "कमी लिहू. पन दिसन तर खरं."

टीव्हीचा उजेड किती ठेवायचा याचंही त्यांचं माप होतं. टीव्हीशेजारी कोरा कागद धरायचे. कागद आणि पडदा सारखाच उजळ दिसला पाहिजे, नाहीतर बटण पिळत बसायचे. खिडकीची चमक काचेवर पडायची म्हणून टीव्ही आडवा फिरवला आणि खिडकीला छत्रीच्या कापडाचा काळा पडदा लावला. तो मी शिवला. पण नुसत्या अंधारात पोरींचे डोळे जास्तच चुरचुरले, म्हणून टीव्हीच्या मागे भिंतीला लहान बल्ब लावला. तो बल्ब पोरी असताना कधी बंद व्हायचा नाही.

माझं काम घंटीचं. दर पंधरा मिनिटांनी मी दारात हातघंटी वाजवायची. पोरी उठून दाराशी यायच्या आणि मैदानापलीकडच्या मोहाच्या झाडाकडे बघायच्या. मास्तर विचारायचे, "शेंड्यावर काय आहे?" कोणी म्हणायची कावळा, कोणी म्हणायची पोपट. माघ-फागुनात एक जण म्हणाली, "काहीच नाई सर, पानं पन नाई." मास्तर म्हणाले, "तेच पाहा. डोऱ्याले दूर पाठवा लागते, नाई तर ते घरकोंबडे होतात." महिना संपला तेव्हा डोकं कुणाचं दुखत नव्हतं. मशीन राहिलं. एखाद्या माणसानं इतक्या बारीक गोष्टीसाठी इतकी दगदग करावी, हे मला तेव्हा येडेपणाचं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी त्यांचे स्वतःचे डोळे दुखायला लागले. शाळा सुटली की ते एकटेच त्या खोलीत बसून मशीनवर शाळेचे निकाल बनवायचे. मी खोल्यांना कुलपं लावत यायची. एकदा बघते तर काळा पडदा ओढलेला आणि मागचा बल्बही बंद. मी म्हटलं, "पोरींले शिकवता अन् सोता अंधारात बसता?"

"त्या बल्बच्या भवताल रंगीत कडं दिसते," ते म्हणाले. "इंद्रधनुष्यासारखं. डोऱ्यात खुपते. बंद केला की बरं वाटते."

"अन् डोकं?"

"उजव्या भिवईवर दुखते. झोपलो की सकाळी साफ. झोपेनं उतरते म्हंजे थकवाच आहे, सोनाबाई. थकव्याचं औषध मले माहीत आहे."

हिशोब बरोबर वाटला. गणिताचा माणूस. त्यांनी स्वतःसाठी सुतळी आठ हातांवर नेली, मग दहा. अक्षरं अजून मोठी केली. अंधार अजून दाट केला. एक-दोनदा ओकारी झाली, तर मी पित्त म्हणून लिंबूपाणी करून दिलं. मग म्हणाले, "हे बाहेर बोलजो नोको. लोक म्हनतीन मशीननं मास्तरचे डोरे खाल्ले. उद्यापासून एक पोरगी येनार नाई." मी कोणाला बोलले नाही. त्यांच्या बायकोलाही नाही. वहिनी बाजारात भेटायच्या, विचारायच्या, हे इतके चिडचिडे का झाले. मी म्हणायची, निकालाचं काम आहे.

त्याच हिवाळ्यात आमच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं. खेड्यांतले म्हातारे-म्हाताऱ्या मोतीबिंदू दाखवायला बैलगाड्यांनी आले. रांग लावायचं काम मास्तरांकडे होतं. दुपारी डॉक्टर जरा मोकळे दिसले. मी मास्तरांच्या बाहीला धरलं आणि म्हटलं, "सर, तुमी पन दाखवून घ्या."

"एवढे आंधरे लोक थंडीत बसले आहेत. मी मधी काऊन घुसू? मले रोग नाई, थकवा आहे."

"ते कडं सांगा तरी डॉक्टरले."

"अन् शाळाभर झालं तर?"

मी बाही सोडली. डॉक्टर दहा पावलांवर होते. मी चहाचे कप धुवायला गेले.

शिबिरानंतर पंधरा दिवस झाले असतील. संध्याकाळी कुलूप घेऊन गेले तर मास्तर अंधारात डोकं धरून बसलेले. बटणांवर ओकारी पडली होती आणि ते रुमालानं ती चाचपत पुसत होते. मी पडदा बाजूला सारून बघितलं. उजवा डोळा कुंकवासारखा लाल, बुबुळावर धूर चढल्यासारखं. मी काय केलं? लिंबूपाणी केलं. झोपले की उतरेल असं दोघांनीही ठरवलं होतं. सकाळी उतरलं नव्हतं. वहिनींनी त्यांना एसटीनं चंद्रपूरला नेलं, तिथून नागपूरला.

नागपूरच्या डॉक्टरनं जे सांगितलं ते वहिनींनी मला शब्दाला शब्द सांगितलं. टीव्हीचा काही दोष नाही. काचबिंदू आहे. डोळ्याच्या आतलं पाणी तुंबतं आणि दाब चढतो. अशा डोळ्याला अंधारात बसणं सगळ्यात वाईट, अंधारात दाब चढतो आणि झोपल्यावर उतरतो. दिव्याभोवती कडं दिसलं त्याच दिवशी यायचं होतं. उजवा डोळा गेला. डाव्या डोळ्याचंही बरंच आधीच गेलेलं होतं, आता समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं नाही.

मूलमध्ये तोवर एकच बोलणं होतं, टीव्हीनं मास्तर आंधळा केला. मास्तरांनी नागपूरहून आल्यावर हट्टानं पालकांची सभा बोलवायला लावली. काळा चष्मा लावून उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या पोरींच्या डोऱ्याले काही होनार नाई. हा माझा सोताचा रोग आहे, टीव्हीचा नोहोय. मीच चुकलो, दाखवाले गेलो नाई." पाचेक मिनिटं बोलले. उजव्या बाजूच्या बाकावरून एक बाप हळूच म्हणाला, "सर, इकडं पाहून बोला. आमी या बाजूनं आहो." मास्तरांनी सगळं भाषण रिकाम्या बाकांकडे बघून केलं होतं. कोणी हसलं नाही. त्याच आठवड्यात हेडमास्तरांनी खोलीला कुलूप लावलं. काळा पडदा मी घरी नेला आणि त्याची पुसणी केली.

मास्तर नोकरी सोडून आरमोरीकडे सासुरवाडीला राहायला गेले. जाताना स्टँडवर मी गेले होते. हात शोधून त्यांनी माझ्या हातात ती सुतळी दिली. म्हणाले, "घरी टीव्ही घेतला तर लावजो." बसायला जागा नव्हती, वहिनी त्यांना आत ढकलत होत्या, म्हणून जास्त बोलणं झालं नाही.

चार-पाच वर्षांनी माझी मुलगी त्याच बाजूला दिली, तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. अंगणात खाटेवर बसून होते. डावा डोळाही तोवर गेला होता. पापण्यांची उघडझाप तशीच चालू होती. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "सोनाबाई, एक विचारू? तू तवा कोनाले काऊन नाई बोलली?"

"तुमीच नोको म्हटलं होतं."

"मी तर तुले फळा दोनदा पुसजो म्हनत होतो, तू एकदाच पुसे. घंटी पंधरा मिनिटानं म्हनत होतो, तू वीस मिनिटानं वाजवे. माझं तू काहीच ऐकत नव्हती. तेवढंच काऊन ऐकलं?"

रागानं नव्हतं विचारलं. गणितात कुठे चुकलं ते विचारावं तसं विचारलं. मी चहाचे कप धुवायला उचलले. दोन वर्षांनी ते गेल्याचं मुलीनं कळवलं.

सुतळी माझ्या घरी टीव्हीसमोर आहे आणि मागे बल्बही जळतो. नातवंडं हसतात, पण सुतळीच्या मागे बसतात. ते सोपं आहे. दुसरी गोष्ट मी जास्त जपते. कोणी म्हणालं की दिव्याभोवती रंग दिसतात, तर मी त्याचं पुढचं ऐकत नाही. थकवा, पित्त, पेरणी, लग्न, काहीही सांगू दे. हाताला धरून बसमध्ये घालते आणि डॉक्टरसमोर बसेपर्यंत हात सोडत नाही. आजवर तिघांना नेलं. तिसरा माझ्या सुनेचा भाऊ. मी त्याचं गुपित चारचौघांत बोलले म्हणून चंद्रपूरपर्यंत मला शिव्या देत होता. देऊ दे. थेंब घालतो आता, सकाळ-संध्याकाळ. परवा दिसला, मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. लांबूनच ओळखलं त्यानं मला.