रूम टोनचं एक मिनिट

छोट्या फिल्म्सचं साउंड करतो मी. हेडफोनमध्ये साधी खरखर आली तरी तिचं मूळ हुडकून काढणं हे माझं काम. त्यामुळे कोणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी त्याची भरपूर खेचायचो. आता गप्प बसतो.

आम्ही अंजूरचे. बाबा भिवंडीत, कोन गावच्या रस्त्याला एका कापड कारखान्यात लूमवर कामाला होते. दोन वर्षांपूर्वी गेले. मी अख्ख्या गावाचे आवाज टिपले, पण बाबांची एक फाईल नाही माझ्याकडे! मोबाईल काढला की उठून जायचे. आई सारखी म्हणते, "तोंड दिसतं रं त्यांचं डोल्यांसमोर, आवाज न्हाय आठवत."

गेल्या उन्हाळ्यात त्याच बंद कारखान्यात शूट होतं. भर दुपार. लूम भंगारात गेलेले, लाईट कापलेली. सीन संपल्यावर मी रूम टोन घेतो, म्हणजे त्या जागेची नुसती शांतता, एक मिनिटभर. सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, हूं की चूं करायचं नाही. हातातल्या रेकॉर्डरचं बटण दाबलं, डोळे मिटले...

डाव्या कानात बाबा खाकरले.

मग म्हणाले, "जेवलास का रं?... आईच्या डोल्यांत औषध टाकतोस ना?" माईक रेकॉर्डरमध्येच असतो; मी तो हळूच डावीकडे वळवला — आवाज दोन्ही कानांच्या मधोमध आला. म्हणजे तिथे भिंतीपाशी खरंच कोणीतरी बोलत होतं! डोळे उघडले. भिंत रिकामी. बाकीच्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. मला रडू फुटलं, पण उत्तर दिलं नाही... टेक खराब होईल म्हणून.

मिनिट झालं. खाली बघतो तर लाल लाईट लुकलुकतेय. माझ्या मशीनचं बटण एकदा दाबलं की नुसतं स्टँडबाय. कानात सगळं येतं, कार्डवर काही उतरत नाही. दुसऱ्यांदा दाबावं लागतं. याच चुकीवरून मी शिकाऊ लोकांना झाप झाप झापतो.

परत घेतलं. काही नाही. नंतर सहा वेळा एकटा गेलो, तरी नाही. आता तिथे गोडाऊन उभं राहतंय.

आईला सांगून बसलो, हा माझा मूर्खपणा. तिने पदराला हात पुसले, हेडफोन स्वतःच चढवला नि म्हणाली, "लाव."

"आई, त्यात काही नाही गं. काय म्हणाले ते सांगतो ना."

"काय बोलले असतील ते ठावं हाय मला. आवाज लाव."

हे कसं घडलं, मला आजही कळलेलं नाही. भ्रम म्हणायचं तर म्हणा. आई अजून हेडफोन मागते. मी बॅटरी संपलीय म्हणतो.